देवळामागची भिंत

आमचे आतोबा आयुष्यात एकदाच चुकले. थट्टा नाही, अगदी खरं सांगतो. आणि ती चूक घडली तेव्हा मी त्यांचा मोबाईल हातात धरून, घामाने निथळत, शेजारीच उभा होतो. त्यामुळे हे सांगायचा अधिकार माझ्याशिवाय कुणाला नाही.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सारी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. थळ आणि किहीम यांच्या मधल्या त्यांच्या गावात सख्खे भाऊ बांधावरून डोकी फोडायला उठले, तरी आतोबांनी "हितं" म्हणून काठी टेकली की दोघेही मुकाट्याने घरी जात. मी माणगावात दुकानाला शटर बसवत होतो, तेव्हा फोनवर नुसतं वर्णन ऐकून म्हणाले, "भाचेबुवा, चार बोटं कमी पडणार." मी मनात म्हटलं, इतक्या लांब बसून ह्यांना काय दिसतंय, डोंबल! शटर आलं. चार बोटं कमी पडलं. मी बोटं लावून पाहिली, पाचवं मावत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ पळायला लागला. खाकी अर्धी चड्डी, पांढरा बनियन, खिशात पेन, छोटी वही आणि स्टीलची टेप. पाऊल अडीच फुटांचं. चढ असो, वाळू असो, अडीच म्हणजे अडीच. एकदा किहीमच्या वळणावर एक कुत्रं भुंकत मागे लागलं. आतोबांनी ना वेग वाढवला ना कमी केला. "त्याला घाई हाय, मला न्हाय," म्हणाले. शेवटी कुत्रंच कंटाळून परत गेलं. शिवाय दुसऱ्याच्या वाडीत शिरायचं तर आधी कुंपणाशी उभं राहून "येऊ का हो?" अशी हाक द्यायची, आणि आतून हाक आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा दंडक पळतानाही चालू. जन्मभर लोकांच्या हद्दी आखलेला माणूस, हद्द ओलांडणार कशी?

आत्या त्याच गावात सरकारी नर्स होती. आतोबा शेतं मोजत फिरत आणि ही दारोदार पोरांना टोचत फिरे. गावात अशी गल्ली नाही जिथे तिची चप्पल झिजली नाही. गेल्या वर्षी ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, वॉकर आला, डॉक्टर म्हणाले रोज चाला. आत्या घरात चालायची, पण उंबऱ्यापाशी थांबायची. "ज्या गावात मी धावले, तिथं ही चौकट ढकलत फिरू? लोकं बघतील मला!" पाच महिने झाले, बाईने रस्ता पाहिला नव्हता. आधी जेवण कमी झालं, मग बोलणं कमी झालं. आतोबा काही म्हणत नसत. सकाळी पळायला जाताना दार मात्र सताड उघडं ठेवून जात.

अशात अलिबागकडच्या पळणाऱ्या मंडळींनी एका रविवारी फोटोंची शोधाशोध काढली. सकाळी सहाला मोबाईलवर बारा फोटो येणार, सगळे अर्धवट: कुठे पायरीचा कोपरा, कुठे दाराची कडी. ती जागा ओळखायची, पळत गाठायची, तिथे आपला फोटो काढून पाठवायचा. क्रम ज्याचा त्याचा, पण सगळं दहाच्या आत. नावं जोडीने द्यायची आणि शेवटच्या फोटोत दोघेही दिसलेच पाहिजेत. आतोबांनी जोडीदार म्हणून आत्याचं नाव दिलं! मी म्हटलं, "अहो, ती उंबरा ओलांडत नाही." तर म्हणाले, "नाव तर लिवलंय." मला फोटो काढायला बोलावलं होतं, कारण आतोबांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा येतो.

त्या सकाळी मी जे पाहिलं त्याला तोड नाही. बारा फोटो आले. आतोबांनी चष्मा वर केला, एकेक पाहिला, वहीत काहीतरी टिपलं आणि निघाले. "ही विहिरीची पायरी. तिसरी. दुसरीचा कोपरा उडालाय." गेलो तर खरंच तिसरी! एका फोटोत नुसते जांभ्याचे दोन चिरे. "हा चिरा आपल्याकडचा न्हाय, लांबून आणलाय. असं कुंपण एकच." तेही बरोबर. बाकीच्या जोड्या नारळीच्या बागांतून वेड्यासारख्या सैरावैरा धावत होत्या आणि आमचे आतोबा अडीच फुटांच्या पावलाने थेट जागेवर जाऊन उभे राहत होते. अहो, अंगावर काटा आला माझ्या! वेळ खाल्ला तो फक्त "येऊ का हो?"ने. हाक दिली की आत बोलावणार, बोलावलं की कोकम सरबत आलंच. चार घरी प्यायलो. थळच्या कोळीवाड्यात तर एका मावशींनी आधी बोंबलांची दोरी धरायला लावली, मग फोटो काढू दिला. माझ्या पोटात सरबत डुचमळत होतं, आतोबांचा श्वाससुद्धा चढला नव्हता.

साडेनऊला अकरा फोटो पुरे करून घरी आलो. उरला बारावा: फिकट निळी भिंत आणि तिच्यावर गेरूच्या आडव्या रेघा, एकीवर एक. आतोबा आत्याच्या खाटेशी उभे राहून मोठ्याने म्हणाले, "ही देवळामागची भिंत."

आत्याने मान वळवली नाही. "देवळामागं कुठली निळी भिंत?"

"हाय. मी मोजलीय."

"आणा तो मोबाईल." तिने पाहिलं आणि ताडकन उठून बसली. "अहो, ही अंगणवाडीची भिंत! ह्या रेघा माझ्या हातच्या हायत. पोरांची उंची घ्यायचे मी हितं."

"न्हाय. देवळाचीच."

"तुम्ही बांध मोजलेत, मी पोरं मोजलीत! मला शिकवताय व्हय?"

आतोबा निघालेच. देऊळ डावीकडे, अंगणवाडी उजवीकडे. वाटेत भेटेल त्याला सांगत चालले, "देवळाची भिंत, देवळाची." नाक्यावरची माणसं हसायला लागली. मोजणीवाले आणि चुकले! आत्या दाराशी आली. "अहो, चुकताय! सगळ्या गावासमोर चुकताय!" आतोबांनी मागे पाहिलं नाही. तेव्हा आत्याने वॉकर उचलला आणि उंबऱ्यापलीकडे ठेवला. मग एक पाय. मग दुसरा. मला दटावून म्हणाली, "बघतोस काय, चल. ह्यांना दाखवतेच."

गल्लीतली दारं उघडत गेली. "बाई आल्या, बाई आल्या!" अंगणवाडीच्या भिंतीपाशी एक मिशाळ ट्रकवाला दंड झाकून म्हणाला, "बाई, सुई न्हाय ना आणली?" आत्या थांबली, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भिंतीवरची खालून दुसरी रेघ दाखवत म्हणाली, "ही तुझी. रडला होतास." सगळे खो खो हसले. तीही हसली. पाच महिन्यांनी.

आतोबा देवळाकडून आले, त्याच पावलाने. भिंत पाहिली आणि चारचौघांत म्हणाले, "चुकलो." फोटो काढला तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. आयोजकांनी तो घेतला नाही. "बरोबर हाय त्यांचं," आतोबा म्हणाले, आणि घरी परतताना आत्याच्या मागून ओठ हलवत, काहीतरी मोजत आले.

संध्याकाळी पेन शोधताना त्यांची वही हाती लागली. सकाळी सहाला लिहिलेली बारा ठिकाणं ओळीने होती. शेवटची ओळ अशी: 'अंगणवाडी, मागची भिंत. घरापासून माझी एकशे चाळीस पावलं. तिची'. पुढे जागा कोरी सोडलेली. त्या जागेत आता दुसऱ्या शाईने तीनशे बारा लिहिलं होतं.

मी वही होती तशी ठेवून दिली. आजही गावात कुणी बांधावरून भांडलं की थट्टा होते, "आतोबा, देवळाची भिंत तर न्हाय ना?" आतोबा हसतात, खुलासा करत नाहीत. आत्या तर पाहुण्यारावळ्यांना सांगते, "ह्यांना भिंतीतलं काही कळत न्हाय." तिला वाचायचा कंटाळा आहे, म्हणून हे लिहायचं धाडस केलं.

परवा गेलो होतो. संध्याकाळी दोघं गल्लीतून चालली होती. वॉकर पुढे, आत्या त्याच्यामागे आणि तिच्या बाजूला आतोबा. मी मागून त्यांची पावलं पाहत राहिलो. कुत्रं मागे लागलं तरी न बदललेलं ते अडीच फुटांचं पाऊल, आता वीतभर पडत होतं.