नाताळच्या झाडांची वाट

अर्विड नीमींना पुरून मंडळी चर्चच्या तळघरात कॉफीला बसली, तेव्हा दुकानदार कार्लसन म्हणाला, "सेहेचाळीस हिवाळे! आणि म्हाताऱ्यानं एकही झाड चुकीच्या जागी लावलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. नीमींची नात क्रिस्टा किटली घेऊन हिंडत होती. तिनं कार्लसनचा कप भरला आणि पुढे सरकली.

बेटावर दीडशे माणसं. बोटी बंद होऊन सरोवर गोठलं, की पलीकडच्या गावाला जायची वाट बर्फावरून. ती नीमी आखायचे. नाताळ उलटला की घरोघरची उतरवलेली झाडं गोळा करायची, गिरमिटानं बर्फाला भोक पाडून जाडी बघायची, आणि भरवसा वाटला तिथे झाड रोवायचं. हिमवादळात स्वतःचा हात दिसला नाही तरी पुढचं झाड दिसायचं. कुठलं झाड कुणाच्या घरचं, हे त्यांना तोंडपाठ. "हे पास्टरबाईंचं. बघ, चंदेरी झिरमिळ्या काढायचा कंटाळा!"

"मूठभर जाड बर्फ माणसाला, वीतभर स्नोमोबाईलला, दोन विती मोटारीला." क्रिस्टाला हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं. आईबाप वेगळे झाले आणि तिला न्यायला दोघांनाही जमलं नाही, तेव्हा ती सहा वर्षांची होती. आजोबांनी तिला जवळ घेऊन वगैरे काही समजावलं नाही. कोल्ह्याचे ठसे दाखवले, मासा साफ करायला शिकवला, दर शनिवारी मासे धरताना बर्फावर स्टूल टाकून शेजारी बसवलं. शाळा तेव्हा पलीकडच्या जुन्या धक्क्यापाशी होती. त्या वाटेच्या प्रत्येक झाडाला त्यांनी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लाल चिंधी बांधली. एवढंच.

पुढे ती शाळा बंद झाली. शेजारी नवा बंधारा झाला, प्रवाह वळला आणि जुन्या धक्क्याकडचा बर्फ खालून खाऊ लागला. तेव्हा नीमींनीच वाट उत्तरेला हलवली. याला तीस वर्षं झाली.

मरणाच्या दीडेक वर्ष आधी, शरद ऋतूत, हरणांच्या शिकारीच्या मचाणावरून सकाळी निघून घरी यायला त्यांना संध्याकाळ झाली. रस्ता दोन फर्लांगांचा. एकदा त्यांनी कॉफीच्या भांड्यात कुत्र्याचं खाणं उकळलं. क्रिस्टानं भांडं घासून टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. जानेवारीत ते झाडं गोळा करायला निघाले तेव्हाही ती गप्प राहिली. झाडं काढून घेतली तर या माणसात उरणार काय, असं तिला वाटलं.

शुक्रवारी सकाळी कप विसळताना तिनं खिडकीतून पाहिलं. झाडांची रांग ताठ, सुबक, दक्षिणेला, जुन्या धक्क्याकडे वळली होती.

ती गिरमिट घेऊन धावली. पाचव्या झाडापाशी वीतभर. आठव्याला मूठभर. पुढे ती पोटावर सरपटत गेली. अकराव्या झाडापाशी गिरमिट टेकवते न टेकवते तोच पाणी वर आलं. बर्फ जेमतेम दोन बोटं. म्हातारा तिथून जिवंत परत कसा आला, देव जाणे. त्या झाडाला खाली, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, लाल चिंधी बांधलेली होती.

दुपारनंतर बर्फ पडणार होता. संध्याकाळी पलीकडे कामाला असलेली वीस-बावीस माणसं झाडं बघत घरी येणार होती.

कार्लसन ग्रामसभेचा प्रमुख. तो दुकानात डबे रचत होता. "नीमीची झाडं चुकली? उद्या म्हणशील सूर्य चुकला."

"काका, दोन बोटं बर्फ आहे. मी मोजून आलेय."

त्यानं डबा हातातच धरला. मागून त्याची बायको जोनी म्हणाली, "अगोबाई. त्याला कोण सांगणार?"

"तुम्ही चला ना," क्रिस्टा म्हणाली. "चार माणसं आली तर तासाभरात रांग हलेल."

"माझ्या बापाला त्यानं या सरोवरातून बाहेर ओढलाय," कार्लसन म्हणाला. "त्याच्या डोळ्यांदेखत त्याची झाडं उपटू? आम्ही उत्तरेची नवी वाट आखतो, पलीकडे फोन करतो. पण ती रांग... तूच काढ गं. तू घरची."

"घरच्यांचं तो मनाला लावून घेत नाही," जोनी म्हणाली.

क्रिस्टानं खोल पाण्याकडून सुरुवात केली. कमरेला दोर बांधला, दोराचं टोक किनाऱ्याजवळच्या जाड बर्फात ठोकलेल्या पहारीला. अकरावं, दहावं, नववं झाड ओढून काढलं. आठवं उपटताना मागून आरोळी आली.

"ए! ठेव ते खाली!"

आजोबा येत होते. एका पायात बूट, दुसऱ्यात सपात.

"लाज नाही वाटत? कुणाचा तू?"

तिनं तोंडावरची पट्टी खाली ओढली, टोपी काढली. "आजोबा, मी आहे."

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. पोस्टात परक्या माणसाकडे बघावं तसं.

"बाई, तुम्ही बाहेरच्या दिसता," ते आवाज खाली आणून म्हणाले. "तुम्हाला ठाऊक नसेल. सोमवारी शाळा आहे. माझी नात या वाटेनं जाते. लहान आहे. तिला वाट दिसायला नको?"

"वाट तिकडून केलीय. उत्तरेनं."

"तिला ही माहितीय ना! ती ह्याच वाटेनं येणार."

ते गुडघ्यांवर बसले, झाड परत भोकात घातलं आणि उघड्या हातांनी भोवती चिखलबर्फ दाबू लागले. बोटं लाल, मग पांढरी झाली. क्रिस्टानं बुंधा धरला. त्यांनीही धरला. क्षणभर दोघं ओढत राहिली. मग तिनं जोर लावला. ते बाजूला पडले, आणि झाड तिच्या हातात आलं.

सगळी माणसं त्या संध्याकाळी उत्तरेनं सुखरूप घरी पोहोचली. कार्लसननं मटणाची कचोरी पाठवून दिली.

आजोबा त्यानंतर सव्वा वर्ष जगले. तिला त्यांनी पुन्हा नावानं हाक मारली नाही. ती जेवू घालायची, अंघोळ घालायची, ते संकोचून "आभारी आहे, बाई" म्हणायचे. दुपार कलली की खुर्ची खिडकीशी ओढायला सांगायचे आणि दक्षिणेकडच्या मोकळ्या पांढऱ्या बर्फाकडे बघत बसायचे.

"पोरीनं आज उशीर केला," ते म्हणायचे. "झाडं कुणीतरी काढून नेली. तिला वाट सापडायची नाही."

"येईल ती," क्रिस्टा म्हणायची.

"तुम्हाला काय माहीत?" ते तिच्याकडे न बघता विचारायचे.