पडदा अजून वरच आहे

आमची बारकी नावालाच बारकी. मामाने एकदा थट्टेत तिच्याशी पंजा लढवला आणि आठवडाभर खांदा शेकत बसला. शहरातल्या जुन्या थिएटरात गाण्याच्या मैफली होतात, तिथला पडदा ती हाताने ओढते. चांगली शिकलेली पोरगी, कुठेही चिकटली असती. पण तिने आजोबांची दोरी धरली.

दोरी खरंच आजोबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची; तेही तिथे पडदाच ओढायचे. आगीत थिएटरचं छप्पर गेलं, पुढे तिथे धान्याचं गोदाम झालं, तेव्हा त्यांनी ती खांद्यावर टाकून घरी आणली. लग्नानंतर मी तिच्यावर चादरी वाळत घालायचे. "वापर सूनबाई, पण कापू नकोस. तिला परत जायचंय," ते म्हणायचे. लोक हसायचे. थिएटर पुन्हा उघडलं आणि दोरी गेलीसुद्धा.

आता मालकाला तिथे दुकानं काढायचीत. आज दुपारची मैफल शेवटची. पडदा पडला की कुलूप, उद्यापासून पाडकाम. पोरगी रडत बसेल म्हणून मी डबा घेऊन विंगेत गेले.

शेवटचं गाणं संपलं. मॅनेजरने खूण केली. बारकीने दोरीचं टोक कमरेला गुंडाळलं आणि स्टुलावर बसली.

"अगं, पाड ना पडदा!"

"नाही पाडत."

"नोकरी जाईल!"

"ती उद्या जातेच आहे, काका. नवीन काहीतरी सांगा."

पडदा पडेपर्यंत उठायचं नाही, ही इथल्या श्रोत्यांची जुनी सवय. कोणी उठेना. गायिकेने विंगेत पाहिलं, काय ते ओळखलं, आणि पुन्हा सूर लावला.

मॅनेजर माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही तरी समजवा. मालक पोलिसांना बोलावतील."

पोलीस, कोठडी, चारचौघांत नाव. सगळं डोळ्यांपुढून गेलं. लेकीला हाताला धरून घरी न्यावं, असंच वाटलं. मग ती दोरी दिसली. माझ्या चिमट्यांच्या खुणा अजून तिच्यावर आहेत.

"सरक जरा," मी बारकीला म्हटलं आणि शेजारी बसले. "बोलवा पोलिसांना. आणि हळू बोला, गाणं चाललंय."

मी घरी आलेय ती फक्त डबे भरायला. घाईघाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे. पडदा अजून वरच आहे, आणि ती दोरी आता चादरी वाळवायला घरी येणार नाही.