ताईच्या आवाजाची लहान फाईल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न सांगितलेल्या गोष्टीच जास्त माहीत असतात.

आमच्या घराण्यात मी कॉम्प्युटरवाला. कशाच्या जोरावर? एकदा भाऊजींचा बंद पडलेला प्रिंटर मी बटण दाबून सुरू केला होता. तेवढ्यावर आमच्या नंदनवन वस्तीत माझी कीर्ती पसरली. मी ती नाकारली नाही. माझं काय जात होतं?

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ताई आता नाही. लग्नाआधी ती भीमगीतांच्या एका अल्बममध्ये कोरसला होती. एका गाण्यात दोन ओळी तिच्या एकटीच्या. तिचा आवाज म्हणून जगात उरलंय ते एवढंच. इतक्या वर्षांनी कोणीतरी मूळ टेपवरून तो अल्बम हाय-रेझमध्ये — म्हणजे आवाज न दाबता, स्टुडिओत भरला तसाच — इंटरनेटवर विकायला ठेवला. भाऊजींनी तो घेतला आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"मोठीच फाईल उतरव गा. तिचा श्वास आयकू आला पायजे मले."

त्या ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर टाकलं, मोठी फाईल निवडली. तिसऱ्या गाण्यावर अडकली. पुन्हा लावली — पुन्हा तिथंच. तिकडे मित्र सावजी मटणावर बसलेले, फोनवर फोन. आणि खालीच दुसरा पर्याय होता: सगळ्यांत लहान, दाबलेली फाईल. झर्रकन उतरली. फोल्डरला मी स्वतःच्या हातानं नाव दिलं — 'हाय-रेझ'. उद्या नीट करू, म्हटलं. मटण थोडंच उद्यापर्यंत थांबणार होतं?

तो उद्या आलाच नाही, आणि मग एक दिवस तो अल्बमच दुकानातून काढला गेला. आता सॉफ्टवेअर उघडलं की त्याचं नाव करडं दिसतं, बटण दबत नाही. मी अजून दाबून पाहतो. प्रिंटर सुरू करणारा माणूस ना मी!

दर रविवारी भाऊजी हेडफोन माझ्या कानांवर चढवतात. ताईची दुसरी ओळ यायच्या आधी बोट वर करतात.

"आला का श्वास?"

"आला."

नाही येत. कधीच आला नाही. "मले तं साफ येते," ते म्हणतात, "लहान फाईलमंदी आला असता काय?" विहारात लोकांना सांगतात — साळ्यानं मन लावून काम केलं. मी शेजारी बसून मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. उठून कुठं जाऊ?

गेल्या महिन्यात भाची हैदराबादहून आली होती. ताई गेली तेव्हा ती रांगत होती. तिला कॉपी हवी होती. भाऊजी बाजारात गेलेले, घरात आम्ही दोघंच — सांगायला याहून चांगली वेळ कोणती? तिनं डोळे मिटून त्या दोन ओळी ऐकल्या. पुन्हा ऐकल्या. मग हेडफोन काढून म्हणाली, "मामा, आईचा आवाज असा बारीकच होता काय?"

"हो," मी म्हणालो, "असाच होता."

तसा नव्हता. भरदार होता, ओळीच्या शेवटी किंचित खरखरायचा.

तिनं मान हलवली आणि कॉपी घेऊन गेली.