सईचं नाव नसलेली पत्रिका

आत्ती, कुरुंदवाडहून आमचा टेम्पो निघाला तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात. सासू असून डोळ्याला पदर लावलात. सईच्या हातात चिरमुऱ्यांची पुडी दिलीत आणि मला म्हणालात, "पोरगी शिकू दे. घर काय कुठं जातंय व्हय?" त्या एका वाक्यावर मी कोल्हापुरातल्या दोन खोल्यांत दोन वर्षं काढली.

तेव्हा सई सहा वर्षांची होती. कुकरची शिट्टी झाली की किंचाळायची, धावून जाऊन चावायची. गावातल्या शाळेने दाखला हातात ठेवला. मग तिच्यासारख्या मुलांच्या खासगी शाळा बघत माझ्याबरोबर फिरलात त्या तुम्हीच. पहिल्या शाळेत "चावते का?" एवढं विचारून फॉर्म परत घेतला. दुसरीत एसी होता, भिंतींवर कार्टून होती. सईने टेबलावरची पेनं उधळल्यावर पाच मिनिटांत आम्ही रस्त्यावर. तिसरीत ती टेबलाखाली घुसली, तर तिथल्या टीचरही तिच्याशेजारी टेबलाखाली जाऊन बसल्या. "ऱ्हाऊ दे की ताई, घाई न्हाय," म्हणाल्या. बाहेर आल्यावर तुम्ही माझा हात दाबलात. "हीच घे. आणि हितंच ऱ्हावा, रोजची येजा नको." मला वाटलं, अख्ख्या घरात माझ्या बाजूचं एक तरी माणूस आहे. किती खुळी मी!

थेरपी, बिहेवियर चार्ट, सेन्सरी ब्रेक हे शब्द आता मी मीठ-मिरची म्हणावं तितक्या सहज बोलते. शाळेत प्रत्येक मुलाच्या नावाची पट्टी आहे आणि तिच्याखाली दप्तराची खुंटी. आठ महिने सई दप्तर फेकायची. एके दिवशी तिने पट्टीवरच्या नावावर बोट ठेवलं आणि दप्तर अडकवलं. मी तिथेच रडले. तेव्हापासून दिसेल त्या कागदावर ती आपलं नाव शोधते.

मग वैशूच्या लग्नाची पत्रिका आली. सईची ती एकुलती एक आत्या. खाली लहानग्यांची ओळ होती: 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' त्यापुढे भावजींच्या दोन्ही पोरांची नावं. धाकटा तर अजून रांगतोय. सईने त्या ओळीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग माझं बोट धरून पत्रिकेवर टेकवलं आणि विचारलं, "सई?"

तुम्हाला फोन केला तर तुम्ही सरळ सांगितलंत. "पावण्यांस्नी पोरीचं सांगिटलंच न्हाय बघ. वैशूचं जमंस्तवर ती डोळ्याआड असल्याली बरी, म्हणून तर तुझ्यासंगं शाळा बघाय आलतो की. लग्नात दोन दिस ठीव तिला तिकडंच कुणाकडं तरी."

फोन ठेवला तर हे मान खाली घालून बसलेले. छापायच्या आधीच पत्रिकेचा फोटो ह्यांच्या मोबाईलवर आला होता. "वैशूचं मोडलं असतं," एवढंच बोलले. वैशू माझ्याही हाताखाली वाढली, तिचं मोडावं असं माझ्या मनात कधी येणार नाही. पण हात दाबलात, पदर लावलात, ते सगळं कुणासाठी होतं आत्ती? शाळा वाईट निघाली असती तर निदान भांडता आलं असतं. शाळा चांगली निघाली, हेच जास्त लागतं.

लग्नाला हे येतील. आम्ही दोघी येणार नाही.

भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असं घरमालकांनी बजावलंय. तरी परवा मी दाराशेजारी एक ठोकला आणि वर मोठ्या अक्षरांत सईचं नाव चिकटवलं. ती शाळेतून आली, नावावरून बोट फिरवलं, दप्तर अडकवलं. आणि मळ्यातून परतल्यावर तुम्ही म्हणता ना, अगदी तशीच मोठ्यानं म्हणाली, "आलो गं!"