बरजोरजींचा वळलेला चेंडू

एदलजींनी पारशी शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण मुंबईचे पारशी त्यांना ओळखत ते बरजोरजींचे यष्टिरक्षक म्हणून. गोऱ्यांना हरवणाऱ्या पहिल्या पारशी संघात दोघेही होते. बरजोरजींचा चेंडू हातभर वळला आणि गोऱ्यांचा कप्तान त्रिफळाचीत झाला, ही गोष्ट एदलजींनी शेकडो वेळा सांगितली होती. खरं तर चेंडू यष्टीला लागलाच नव्हता. यष्टीवरची बेल पडली होती एदलजींच्या हातमोज्याने.

बरजोरजी वारले. तिसऱ्या दिवशी, उठमण्याच्या प्रार्थना संपल्यावर, एदलजींनी डुंगरवाडीच्या, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागेच्या, ओसरीवर बरजोरजींच्या बायकोला, पिरोजाबाईंना, गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"शाबास!" त्या म्हणाल्या. "तो चेंडू पुन्हा का वळत नाही म्हणून माझा नवरा रोज सकाळी मैदानावर खांदा मोडून घ्यायचा. तीस वर्षं मी तेल चोळलं त्या खांद्याला. तुम्ही दर रविवारी येऊन धनसाक ओरपत होतात, तेव्हा तोंड शिवलं होतं?"

"धीर झाला नाही, भाभी."

"आणि ते गेल्यावर झाला!"

तेवढ्यात आतून हाक आली, "एदलजी, या! तो चेंडू सांगा सगळ्यांना!"

"जा," पिरोजाबाई म्हणाल्या. "पण आत यातलं अक्षर काढू नका. ओझं तुमचं आहे, ते माझ्या नवऱ्याच्या नावावर उतरवू नका."

एदलजी आत गेले आणि नेहमीसारखं सांगू लागले. पिरोजाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.