मिश्रीचा तवा

परवा सकाळी खोडदच्या आमच्या घरात बाजरीच्या कोठीमागे झाडत होते, तर केरसुणीला काहीतरी खणकन लागलं. बारदानात गुंडाळलेला तवा निघाला.

भाकरीचा तवा असता तर काही बिघडलं नसतं. हा मिश्रीचा तवा! यावर सासूबाई तंबाखू काळी होईपर्यंत भाजायच्या, कुटून डबीत भरायच्या आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावत बसायच्या. शेजारची हिराकाकूही तिची मिश्री आमच्याच तव्यावर भाजून न्यायची. लग्न होऊन आले आणि थोड्याच दिवसांत मीही बोट काळं करून त्यांच्या पंगतीला बसले... वाण नाही पण गुण लागला.

या उन्हाळ्यात आईंना, म्हणजे सासूबाईंना, भाकरीचा घास घेता येईना. तोंडच पुरतं उघडेना. आळेफाट्याला दातांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून गालाच्या आतला पांढरा चट्टा मला दाखवला. म्हणाले, मिश्री आत्ता सोडलीत तर यातून निघाल, नाही सोडलीत तर पुढचं मी सांगू शकत नाही.

 घरी आल्यावर आईंनी ओट्यावर बसून हुकूम सोडला, "मी एकटी सोडायची न्हाई. समद्यांनी सोडायची."

समद्यांनी म्हणजे दादांनी, माझ्या सासऱ्यांनी, चुना-तंबाखू. आमच्या अहोंनी खिशातली पुडी. आणि मी मिश्री.

मग जे काही दिवस गेले ना... घर म्हणजे गांधीलमाश्यांचं पोळं झालं होतं. चहा गोड झाला म्हणून भांडण, अगोड झाला म्हणून भांडण. दादांचा अंगठा रिकाम्या तळहातावर आपला फिरतोच आहे, शेवटी मी त्या तळहातावर बडीशेप ठेवायला लागले.

अहो एकदा शेतातून पुडी खाऊन आले. आमच्या गावातल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या अँटेना आभाळापलीकडचं पकडतात म्हणे, पण आईंचं नाक त्यांच्याहून वरचढ. दारातच पकडलं. लई बोलल्या, आणि बोलता बोलता एकदम रडायला लागल्या... त्यानंतर अहोंनी पुडीला हात लावलेला नाही.

हिराकाकू तवा मागायला आली तेव्हा आई खणखणीत आवाजात म्हणाल्या होत्या, "भंगारवाल्याला दिला." मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

आणि आता तोच तवा माझ्या हातात. म्हणजे आम्ही सगळे दातओठ खात दिवस काढतोय आणि या लपून भाजतात? राग तर आलाच, पण भीती जास्त वाटली. तो पांढरा चट्टा डोळ्यांसमोरून हलेना. तवा घेऊन तरातरा अंगणात गेले. आई कांदा निवडत बसल्या होत्या. तोंड उघडणार, तोच उन्हात तव्यावर नजर गेली...

तवा गंजला होता. पार तांबडा. बोट फिरवलं तर बोटालाही गंज लागला. चुलीवर चढणारा तवा कधी असा गंजतो का?

आईंनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "घावला का? टाकून दिला आसता तर नड लागली की दुसरा आनला आसता. ह्यो हितंच हाय, मला ठाव हाय. रोज बाजरी काढाया जाती, त्येला बगती न् फुडं जाती."

मग हिराकाकूला का नाही दिला, मी विचारलं.

"तिनं भाजली आसती न् वास हितवर आला आसता. मंग माजं काय खरं नव्हतं, बाई."

 त्यांच्या शेजारी बसले आणि कांदा निवडायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कांद्यावर ढकललं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. घास आत्ताच जरा मोठा जातोय, चट्टाही जाणार. आम्ही घालवणारच. आमच्या घराला ही सवय आईंनी लावली आणि तिला घराबाहेर काढायची धमकही त्यांचीच... हात जोडले, आई.

तवा मी होता तिथेच ठेवला. बारदानात मात्र गुंडाळला नाही... गंज चांगला चढू दे म्हटलं.