लुआआजीचं नाक

फू क्वोक बेटावरच्या आमच्या गल्लीत बोलवा होती, की लुआआजीनं घरच्या पिंपांतलं मधलं पिंप मुद्दाम नासवलं. पिंपात मिठात मुरवलेल्या मासळीच्या अर्काचा एवढा जुना धंदा सुनेच्या हातात जाणार, म्हणून म्हातारीनं मीठ कमी घातलं म्हणे. बर्फ विकणारी गुएत तर स्वतः पाहिल्यासारखी नाक दाबून सांगायची, "अगं, दारावरून जाताना मला भोवळ आली! आणि ती बया पिंपापाशी उभी राहून म्हणते, छान मुरतंय!"

तिथवर खरंच होतं. पिंप सडलं होतं, माशा घोंगावत होत्या आणि आजी त्यावर वाकून "छान मुरतंय" म्हणाली होती. पण त्यात डाव नव्हता. साथीच्या तापात आजीचं नाक गेलं होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या घरात तिच्या नाकापुढं कुणाचं चालत नसे. बोटीवरच मीठ लावलेली मांदेली धक्क्याला आली, की आजी मूठभर उचलून हुंगायची आणि खलाशाला झापायची, "मेल्या, जाळं ओढून आधी विड्या फुंकल्यास ना? मासा उन्हात पडला, मग मीठ लावलंस!" खलाशी मान खाली घालायचा. म्हणूनच पिंप सडलं तेव्हा सून थाम गप्प बसली. सासूला वास आला नसेल, हे तिच्या मनातच येईना. मग मनात आलं ते गल्ली म्हणत होती तेच. दोघी एका घरात राहून भिंतीशी बोलल्यासारख्या बोलू लागल्या.

मला कळलं ते माझ्या वात्रटपणामुळं. मी शेजारची; साऱ्यांच्या नकला करते, म्हणून आजी मला साळुंकी म्हणते. अर्क विकत घेणारे व्यापारी तोआनशेठ, त्यांचं खाकरणं मला हुबेहूब जमतं. पण आजीपुढं ते कधी खपलं नव्हतं. पाठमोरीच म्हणायची, "साळुंके, तुझ्या आईनं लसूण तळलाय. तू यायच्या आधी तो आत आला." त्या दिवशी मागल्या दारी खाकरून मी म्हटलं, "काय लुआताई, पिंप काढलंत का?" तर आजी धडपडून उठली. झंपर नीट करत म्हणाली, "या शेठ, बसा ना."

मग तिनं वळून पाहिलं. मी हसत होते. ती नव्हती.

"लसूण नाही आला आत?" मी विचारलं.

"काहीच येत नाही," आजी खाली बसत म्हणाली. "भात खाल्ला काय आणि ओली वाळू खाल्ली काय." मग म्हणाली, "शेवटचं पिंप उरलंय. माझ्या लेकानं, खोईनं धरलेली मासळी. ते कधी काढायचं, मी कशी सांगू? आणि नाही सांगितलं, तर या घरात माझं काम काय? मिरच्यांची देठं काढायची?"

"मग खरं सांगून टाक."

"सांगेन."

"तू? पैज लाव! मेलीस तरी सांगणार नाहीस."

"हरलीस तर मी सांगेन ते करायचं," आजी म्हणाली.

पिंपाची तोटी पहिल्यांदा उघडतात त्या दिवशी उदबत्ती लावतात आणि पहिली वाटी घरातल्या थोरल्या बाईच्या हातात देतात. खोई समुद्रावर होता. थामनं वाटी भरून सासूपुढं धरली, तिच्याकडं न बघता. तोआनशेठ उंबऱ्यात ताटकळत होते. आजीनं वाटी नाकाशी नेली. छान म्हणाली असती, तर शेठनी पिंप त्याच दिवशी रिकामं करून नेलं असतं.

"थाम, तू बघ," ती म्हणाली. "मला वास येत नाही. तापापासून."

"लुआताई, थट्टा पुरे," तोआनशेठ हसले.

"थट्टा नाही, शेठ. मधलं पिंप सडलं, ते मला कळलंच नाही."

थामनं उदबत्ती खोचून ठेवली. तिनं वाटी घेतली, हुंगली, पुन्हा हुंगली. "आई," ती हळूच म्हणाली, "अजून कच्चं आहे. थांबायला हवं."

"मग थांबा," म्हणत आजी बाजूला झाली. शेठ थामशीच बोलू लागले.

पिंप पुढं उत्तम मुरलं. थाम आताही प्रत्येक वाटी आधी सासूपुढं धरते. आजी ती हातात घेते आणि तशीच परत देते. बाकीचा वेळ ती मागल्या पायरीवर मिरच्यांची देठं काढत बसते.

पैजेचं तिनं तिथंच वसूल केलं. "साऱ्या गावाची नक्कल करतेस ना? माझ्या पिंपाच्या वासाची कर."

मी जीव तोडून केली. तापलेलं मीठ म्हटलं, ओला दोर म्हटलं, पोळलेला गूळ, पावसात भिजलेलं लाकूड म्हटलं. आजी डोळे मिटून ऐकत होती. हातातली मिरची तशीच राहिली होती.

"नाही गं," शेवटी ती म्हणाली. "हे दुसऱ्या कुणाचं तरी पिंप आहे."